गार्डमधली पकड: ब्राझिलियन जिऊ-जित्सू नव्याने शिकणाऱ्यांसाठी

सरावाला कुणी नवीन आलं की मी आधी त्याच्या मुठी बघते. पाठीवर पडून गार्ड लावलेला असतो, समोरच्याची कॉलर दोन्ही हातांनी आवळलेली असते, बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. मिनिटभरात हात भरून येतात. आणखी अर्ध्या मिनिटात कापड आपोआप निसटतं, आणि समोरचा सावकाश पाय बाजूला सारून छातीवर येऊन बसतो. उठल्यावर मनगटं चोळत तो म्हणतो, "माझ्या हातात ताकदच नाही."

मी बावन्न किलोची आहे. सरावात समोर बहुतेक वेळा सत्तरच्या पुढचे असतात, त्यातले काही वर्षानुवर्षं व्यायामशाळेत वजनं उचललेले. त्यांच्या बोटांशी माझ्या बोटांची बरोबरी होणार नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. तरी आज माझी पकड टिकते. पकड टिकवण्याचं निम्मं काम पाय करतात, हे समजायला मात्र मला वर्ष लागलं. तुम्हाला तेवढं लागू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं गी, म्हणजे सरावाचा जाड कापडी अंगरखा आणि पँट, घालून केलेल्या सरावातली आहेत, कारण कापड हातात असलं की पकड समजायला सोपी जाते.

आधी गार्डबद्दल थोडं. आपल्याकडे कुस्ती बघत वाढलेल्या माणसाला पाठ टेकली म्हणजे संपलं, चीतपट झालो, असंच वाटतं. तालमीतून आलेल्या मुलांना सुरुवातीला मुद्दाम पाठीवर पडणं अगदी जिवावर येतं. जिऊ-जित्सूत मात्र पाठीवर पडूनही लढत चालू असते. समोरचा आणि तुम्ही यांच्यामध्ये तुमचे पाय आहेत तोवर तुम्ही गार्डमध्ये आहात, आणि तिथून त्याला उलटवता येतं, गळा आवळता येतो, कोपर लॉक करता येतं. मित्सुयो माएदा हा कोदोकानचा, म्हणजे ज्यूदोच्या जपानमधल्या मूळ शाळेचा, ज्यूदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून तिथल्या ग्रेसी घराण्याकडे आलेल्या विद्येत जमिनीवरची ही लढत पुढे फार बारकाईने वाढत गेली. ज्यूदोत फेकण्यासाठी धरायची बाही आणि कॉलर इथे खाली पडून धरायची असते. कापड तेच, पण वजन आता वरच्याच्या बाजूला, म्हणून धरायची रीत बदलते.

पायरी १: हात लावायच्या आधी पाय लावा

समोरचा उभा आहे, तुम्ही बसलेले आहात. हात लगेच कॉलरकडे धावतो. थांबा. आधी एक तळवा त्याच्या कमरेच्या हाडावर टेकवा आणि गुडघा थोडा वाकलेला ठेवा. हा पाय म्हणजे तुमच्या दोघांतलं अंतर मोजणारी पट्टी. तो पुढे आला तर गुडघा वाकतो, मागे गेला तर पाय सरळ होतो. नजर कुठेही असली तरी तळव्याला कळतं तो कुठे चालला आहे. पाय न लावता कॉलर धरलीत तर तो सरळ तुमच्या अंगावर येतो, आणि मग हातातली कॉलर असून नसल्यासारखी.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आयबीजेजेएफ या जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत कोणतीही पकड न घेता नुसतं खाली बसलं तर दंड लागतो. म्हणजे उभ्याने निदान एक बाही किंवा कॉलर धरायची, मगच बसायचं. ही सवय सरावातही लावून घ्या, नियमासाठी नाही तरी स्वतःसाठी.

पायरी २: आधी बाही, मग कॉलर

हा क्रम का, ते नीट समजून घ्या. तुमची कॉलरवरची पकड तोडायला त्याला बहुतेक वेळा दोन्ही हात लागतात. त्याचा एक हात बाहीने तुमच्या ताब्यात असेल तर तोडायला एकच हात उरतो, आणि एका हाताने कॉलर सोडवणं भल्याभल्यांना जड जातं. उलट क्रमाने गेलात तर कॉलर धरल्या धरल्या दोन हातांनी उपटली जाते आणि तुमची पहिली ताकद वाया जाते.

बाही शेवटाला धरा, मनगटाजवळ. कोपराजवळच्या कापडाला धरलंत तर त्याचा पंजा मोकळा राहतो आणि तो वळून तुमचीच पँट पकडतो. शेवटाला धरली की हात जणू त्याच्या मालकीचा राहत नाही. स्पर्धेच्या नियमांत हात ताठ पुढे धरल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त वर नसावी असं आहे, ते यासाठीच. समोरच्याला धरायला कापड मिळालं पाहिजे.

नवीन माणसाला दोन प्रकार पुरतात. पहिली पिस्तूल पकड. बाहीच्या टोकाचं कापड मुठीत गोळा करायचं आणि पिस्तुलाचा दस्ता धरावा तसं धरायचं. दुसरी खिसा पकड. बाहीची कड बाहेरून वर दुमडायची, त्या दुमडीचा एक छोटा खिसा होतो, त्यात चार बोटं घालून मूठ मिटायची. मला दुसरी आवडते, कारण कापड बोटांवर दुहेरी बसतं आणि कमी जोर लागतो. दोन्हींत बोटं बाहीच्या तोंडातून आत मात्र घालायची नाहीत. बाहीच्या किंवा पँटच्या तोंडात बोटं घालणं स्पर्धेत फाउल आहे, आणि सरावातही ते टाळा. समोरच्याने हात गर्रकन फिरवला तर कापडाचा पीळ बोटांवर बसतो आणि बोटं आतच अडकतात.

कॉलर धरताना एका हाताने काम भागवू नका. नुसता हात मारला की हाताला लागते ती सैल, छातीवर लोंबणारी कॉलर. आधी डाव्या हाताने कॉलर खालून खेचून ताणून धरा. ती पट्टीसारखी सरळ झाली की उजवा हात तिच्यावरून वर सरकवा, चार बोटं आत, अंगठा बाहेर, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर, जमलं तर मानेच्या बाजूपर्यंत. बंद गार्डमध्ये, म्हणजे समोरच्याच्या कमरेभोवती पाय गुंफलेले असताना, हे दोन-हाती काम करायला पुरेसा वेळ मिळतो. समोरचा उभा असेल तर डावा हात बाहीत गुंतलेला असतो, तेव्हा हाताला लागेल ती कॉलर धरा आणि तो वाकेल तेव्हा हात वर सरकवा.

पायरी ३: झोल काढा

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

कपडे वाळत घालायची दोरी सैल असेल तर एका टोकाला कितीही झटके दिले तरी दुसरं टोक हलत नाही. गीचंही तसंच. बाही धरली, मूठ मिटली, म्हणजे धरलं असं आपल्याला वाटतं, पण त्या बाहीत दोन-तीन इंच झोल शिल्लक असतो. तेवढ्या झोलात समोरचा हात हलवतो, वळवतो, सोडवून घेतो. म्हणून मूठ मिटल्यावर मनगट थोडं आत वळवा, जणू मोटरसायकलचा अ‍ॅक्सिलरेटर फिरवताय. कापडाचा तो झोल तुमच्या मुठीवर गुंडाळला जातो. आता त्याने करंगळी हलवली तरी तुम्हाला कळेल. ही कळण्याची जाणीव म्हणजेच पकड. त्याच्यापुढे आवळणं दुय्यम आहे.

बोटांचंही एक गुपित आहे. जोर करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटात ठेवायचा. तर्जनी आणि अंगठा नुसते सोबतीला. आत्ता वाचता वाचता करून बघा: आधी अंगठा-तर्जनी आवळा, मनगट लगेच ताठ होतं आणि कोपरापुढचा स्नायू दगड होतो. मग शेवटची तीन बोटं आवळा, मूठ बंद राहते पण मनगट फिरतं. गार्डमध्ये मनगट फिरलंच पाहिजे.

पायरी ४: हाताने धरा, पायाने ताणा

पहिल्या वर्षातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आहे. मी बंद गार्डमध्ये पडले होते. दोन्ही हातांत कॉलर. त्याला खाली खेचायचा आटापिटा चालला होता आणि तो माझ्या पोटावर हात टेकवून ताठ बसला होता. आमचे कोच शेजारी येऊन उकिडवे बसले.

"किती ओढतेस? हात ढिले सोड. पकड ठेव, ओढू नकोस."

मी ढिले सोडले.

"आता गुडघे स्वतःच्या छातीकडे घे."

मी गुडघे घेतले, आणि तो ताठ बसलेला सत्तर-पंच्याहत्तर किलोचा माणूस कपाळावर आपटेल अशा बेताने माझ्यावर आला. माझे हात तेव्हा नुसते आकडे होते. ओढलं ते मांड्यांनी आणि कमरेने, आणि त्यांच्यापुढे कुणाच्याही मानेचं काही चालत नाही.

तोच नियम उघड्या गार्डला, म्हणजे पाय गुंफलेले नसतात तेव्हा. तुमच्या डाव्या हातात त्याची उजवी बाही आहे, डावा तळवा त्याच उजव्या दंडावर. उजव्या हातात त्याच्या त्याच उजव्या बाजूची कॉलर, उजवा तळवा त्याच्या कमरेवर. आता हात ओढतात आणि पाय ढकलतात. बाही तुमच्याकडे येते, दंड तुमच्यापासून दूर जातो, आणि मधलं कापड धनुष्याच्या दोरीसारखं ताणलं जातं. अशा ताणलेल्या बाहीतून हात काढायचा तर आधी तुमचा पाय हलवावा लागेल. पाय हाताच्या कितीतरी पट बळकट. त्याची लढत आता तुमच्या बोटांशी नाही, मांडीशी आहे.

ताण मात्र सारखा एकाच मापाचा ठेवायचा नाही. बैल हाकणाऱ्याला कासरा कळतो. सतत ओढून धरला तर बैलाला त्याची सवय होते, आणि सैल सोडला तर बैल शेताबाहेर. समोरचा स्थिर असेल तेव्हा बोटं मिटलेली, पण दाब हलका. तो हलला, वजन एका पायावर घेतलं, हात खेचायला लागला, की दाब वाढवायचा. प्रौढ पांढऱ्या पट्ट्याची, म्हणजे नवशिक्यांची, लढत ५ मिनिटांची असते. पाच मिनिटं कुणीच पूर्ण जोराने आवळून धरू शकत नाही. हे कमी-जास्त करणं जमलं तर शेवटच्या मिनिटालाही बोटांत जीव राहतो, आणि स्वीपचे, म्हणजे खालून समोरच्याला उलटवून वर येण्याचे, २ गुण बऱ्याचदा तिथेच मिळतात.

हे करताना कोपरं बरगड्यांजवळ असू द्या. कोपर अंगापासून लांब गेलं की सगळा भार बोटांवर येतो, शिवाय तो हात लॉक करायला समोरच्याला आयतं आमंत्रण.

पायरी ५: त्याची पकड खपवून घेऊ नका

आपली पकड बसवण्याच्या नादात नवीन माणूस त्याची पकड तशीच राहू देतो. दोघांचीही पकड बसली असेल तर बहुधा वरच्याचं पारडं जड, कारण त्याच्याकडे वजन आहे आणि उभं राहून चालायची मोकळीक आहे. गार्ड पास झाला, म्हणजे तो तुमचे पाय ओलांडून गेला, तर त्याला ३ गुण मिळतात, तुमच्या स्वीपपेक्षा जास्त. तेव्हा नियम सोपा ठेवा: त्याने धरलं की पुढचं सगळं थांबवून आधी ते सोडवायचं.

सगळ्यात जास्त भेटणारी पकड म्हणजे दोन्ही गुडघ्यांजवळ तुमची पँट धरून पाय एका बाजूला फेकणं. इथे घाबरू नका, ही तुमच्यासाठी संधी आहे. त्याने पँट धरली म्हणजे त्याचा हात एका जागी थांबला, आणि थांबलेल्या हाताची बाही पकडायला सगळ्यात सोपी. आधी त्याच्या बाहीची खिसा पकड घ्या. मग तो पाय झटकन सरळ करत लाथ मारल्यासारखा पुढे फेका आणि त्याच वेळी बाही स्वतःकडे घट्ट ठेवा. त्याची बोटं पँटवरून सुटतात आणि त्याची बाही तुमच्या हातात राहते.

त्याने तुमची कॉलर धरली असेल तर त्याच्या त्या एका मनगटावर तुमचे दोन हात लावा, बाहीचं टोक धरा, आणि हात लांब ढकलता ढकलता कंबर मागे न्या. एका हाताने झटापट करू नका. त्याचा अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात तिथे मूठ सगळ्यात कच्ची असते. ढकलण्याची दिशा तीच ठेवा. आणि सोडवलेला हात लगेच मोकळा सोडून देऊ नका, हातात आलेली बाही तुमचीच आहे.

पायरी ६: सोडायचं कधी

सोडणं जमल्याशिवाय धरणं पुरं होत नाही. उपटून घेतलेली पकड आणि आपण होऊन सोडलेली पकड यांत फार फरक आहे. उपटली की हात दूर फेकला जातो, अंग उघडं पडतं, बोटं दुखतात. आपण सोडली तर पुढचं कुठे धरायचं हे आधीच ठरलेलं असतं.

खूण ओळखा. तो दोन्ही हातांनी तुमची बाही धरतो, पाठ ताठ करतो, कंबर मागे नेतो. म्हणजे आता झटका येणार. झटका यायच्या आत सोडा आणि त्याच हाताने त्याची दुसरी बाही, पँटचं टोक किंवा घोटा धरा. दोन्ही हात तुमच्या एका बाहीत गुंतवून तो ताठ झालाय, त्याचे घोटे मोकळे पडलेत. रिकार्दो दे ला रिवा या रिओच्या खेळाडूच्या नावाने ओळखला जाणारा गार्ड तुम्ही पुढे शिकाल. त्यात एक हात घोट्यावर असतो आणि पाय बाहेरून त्याच्या पायाला वेढा घालतो. त्याची सुरुवात अशाच एका सुटलेल्या बाहीतून होऊ शकते.

दोन हात, दोन पाय, असे तुमचे चार संपर्क. त्यातले तीन लागलेले असू द्या, चौथा जागा बदलू दे. दोन एकदम कधी उचलू नका. हात बदलताना पाय दाबून ठेवा, पाय बदलताना मुठी.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे लगेच सोडायचंच. तो तुमचे पाय ओलांडून बाजूला आला, छाती छातीला लागायला आली, तरीही नवीन माणूस जुनी बाही धरून बसतो. गार्ड आता उरलेला नाही. ती बाही सोडा, एक हात त्याच्या मानेशी, दुसरा कमरेशी आडवा लावा, कंबर वळवा आणि गुडघा मध्ये घुसवा. परत गार्ड मिळाला की पायरी १.

बोटं सांभाळा

नखं कापलेली हवीत. बोटांच्या सांध्यांना एक सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी लावतात, ती आधाराला ठीक आहे. पण दुखणारं बोट पट्टीत बांधून त्याच पकडीने महिनोन्‌महिने खेळू नका. कापड वळून बोटं पिळायला लागली की सोडा. एखाद्या पासापेक्षा बोट महाग.

एका दुखापतीचं नाव सगळ्यांना माहीत असावं: जर्सी फिंगर. मिटलेलं बोट जोराने सरळ खेचलं गेलं की बोटाचं टोक वाकवणारी शीर (टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) हाडापासून सुटते. बहुतेक वेळा अनामिका. 'टप' असं काहीतरी होतं, आणि नंतर मूठ मिटताना त्या बोटाचं टोक वाकतच नाही. सूज आली की उतरेल असं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हाताच्या डॉक्टरांना दाखवा, कारण सुटलेली शीर आत ओढली जाते आणि उशीर झाला तर शस्त्रक्रिया अवघड होते.

घरी करायला दोन गोष्टी पुरेत. जुना गी किंवा जाड टॉवेल बारवर टाकून दोन टोकांना लटकायचं, वीस-तीस सेकंद, आठवड्यातून दोनदा. आणि बोटांना रबर बँड लावून पंजा उघडायचा, कारण आपण दिवसभर मिटतच असतो. तांदळाच्या डब्यात पंजा खुपसून उघडझाप करणंही छान, फक्त ते तांदूळ वेगळे ठेवा.

गी नसताना

कापड गेलं की घामाने सगळं निसटतं, म्हणून आवळणं आणखीच निरुपयोगी. मनगट, दंडामागचा भाग आणि मानेची मागची बाजू ही तीन ठिकाणं धरा. मानेवर आणि दंडावर अंगठा वेगळा करू नका, चार बोटांना चिकटवून आकड्यासारखा हात लावा. पायाचं काम तेच, किंबहुना वाढतं.

सरावाची फेरी

जोडीदाराला सांगून दोन मिनिटांची एक फेरी लावा. वरच्याने पास करायचा नाही, फक्त तुमच्या पकडी तोडायच्या. तुम्ही स्वीप करायचा नाही, फक्त तीन संपर्क टिकवायचे. पहिल्यांदा अर्ध्या जोराने, मग पाऊण. मग जागा बदला, कारण तोडणाऱ्याच्या जागी बसल्यावर कळतं की कुठली पकड खरंच त्रास देते. माझ्यासाठी ती होती दंडावरचा पाय आणि ताणलेली बाही. ती तोडताना मला पहिल्यांदा जाणवलं की मी समोरच्या मुलीच्या बोटांशी झगडतच नाहीये, तिचा गुडघा सरळ होऊ नये एवढीच माझी धडपड चालली आहे.

फेरी संपली की कोपराच्या पुढचा भाग दाबून बघा. दगडासारखा लागला तर पुढच्या फेरीत मुठी अर्ध्या ढिल्या करा आणि पाय थोडे जास्त ताणा. तो मऊ लागेपर्यंत हीच फेरी करत राहा.